बिनआवाजाचं घर आणि आर्वीचे कान

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते वाल सोलायचं.

दुपारची जेवणं झाली होती. गॅलरीत चटई टाकलेली. मोड आलेले वाल कोमट पाण्यात, शेजारी रिकामा स्टीलचा टोप. एका बाजूला सुलभा, म्हणजे माझी बायको, दुसऱ्या बाजूला मी, आणि तिच्या मांडीला टेकून आर्वी. आर्वी माझी नात, संदेशची मुलगी. डोक्यावर कुंची, कुंचीच्या आत दोन्ही कानांना ऐकायची मशीन. सुलभा वालाला चिमटा काढायची, डाळिंबी सालातून सटकून टोपात पडायची आणि दर डाळिंबीला तिची बडबड चालू. "ही पडली गो बाय. ही आजोबांची. ही पळाली, धर तिला."

एक डाळिंबी टोपात पडली आणि आर्वीनं मान वळवली.

"बघितलंत?" सुलभा म्हणाली. "आवाजावर वळली."

"तुझा हात हलला म्हणून वळली."

"माझा हात मांडीवर होता."

"मग सावली बघितली असेल."

"तुम्हाला काय कळतंय? तुमच्या डोक्यावर टोप पडला तरी ऐकू येणार नाही."

ते खरं होतं. म्हणून मी म्हटलं, पुढची तपासणी आहेच, तिथली मशीन सांगेल कोण बरोबर ते. ती म्हणाली, "मशीन कशाला, मी सांगते ना."

संध्याकाळी तिनं उसळ गॅसवर चढवली, नारळ खवायला विळी घेतली आणि विळीच्या बाजूलाच आडवी झाली. पडल्याचा आवाज मला आला नाही. आर्वी रांगत तिकडे गेली म्हणून मी मागं वळून बघितलं. हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. उसळीखालचा गॅस शेजारणीनं बंद केला.

ही गोष्ट सुलभाची नाही, आर्वीच्या कानांची आहे. पण सुलभाला वगळून मला ती सांगता येत नाही. मी चौथीपर्यंत शिकलो. लिहितोय मीच, माझी सून प्राची फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघते. बोरीवलीच्या कानाच्या सेंटरात बाकावर बाळ मांडीवर घेऊन जे बसतात त्यांच्यासाठी लिहितोय. त्या बाकावर बसलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे.

आमची बोलायची रीत

मी मिलमध्ये साचे चालवायचो. साचा म्हणजे कापड विणायची मशीन. एका खात्यात शेकड्यानं साचे, सगळे एकदम खडखडणार. तिथं तोंडानं ओरडून काही उपयोग नसतो. आम्ही ओठ मोठे करून, आवाज न काढता बोलायचो. समोरचा ओठ वाचायचा. बाकीचं हातानं. चहा, जॉबर म्हणजे मुकादम आला, धागा तुटला, घरी पोरगा झाला, सगळ्याला खूण. माणसांनाही खुणा होत्या. मिशीवाल्याला मिशी, लंगड्याला मांडीवर थाप. कुणाला राग यायचा नाही.

मिल बंद पडली तोवर माझे कान गेले होते. मग मालाडला वॉचमनची नोकरी केली, तिथं कानाचं काम नव्हतं. घरात सुलभा माझ्याशी साचेवाल्यांसारखीच बोलायला शिकली. तोंड माझ्याकडे करायची, ओठ मोठे, आवाज नाही. उगाच कशाला घसा फोडायचा? मीही तिच्याशी तसाच. शेजारी म्हणायचे, तुमच्या घरात भांडण होतं तेही कळत नाही. होत होतं, रोज होत होतं.

तिचीही एक खूण होती. तिच्या नाकात चमकी होती, म्हणून एक बोट नाकाला लावलं की सुलभा. नावानं मी तिला कधी हाक मारली नाही, आमच्या वेळी मारायचे नाहीत. संदेश लहानपणी मला विचारायचा, "आई कुठाय?" तर तोही बोट नाकाला लावायचा.

अशा घरात आर्वी आली.

शांत पोर

ती दिवस भरायच्या आधी जन्मली. काचेच्या पेटीत राहिली, कावीळ झाली, निळ्या लाईटखाली ठेवली. घरी आणली तेव्हा माझ्या पंजाएवढी दिसायची. कानाच्या तपासणीला परत बोलावलं होतं, पण त्या धावपळीत ते राहून गेलं. जी पोर जगते का मरते ठाऊक नाही तिच्या कानाचं कोण बघतो?

आणि आम्हाला संशय यावा असं काही नव्हतं. पोर तोंडाकडे टक लावून बघायची. सुलभानं ओठ हलवले की हसायची. मी हात केला की हात हलवायची. सहाएक महिन्यांची होईतो आजी दिसली की तिचं बोट नाकाकडे जायला लागलं. सगळी कॉलनी कौतुक करायची. कुकरची शिट्टी झाली तरी झोपलेली. "काय शांत पोर आहे हो तुमची!"

दुसऱ्या कुठल्याही घरात हे लवकर लक्षात आलं असतं. आमच्या घरात दिवसभर आम्ही दोघंच, आवाजानं कुणी बोलतच नव्हतं, तर आवाजाला उत्तर देत नाही हे दिसणार कसं? पोर घराला शोभत होती एवढंच आम्हाला दिसलं.

दिवाळीत खिडकीखाली पोरांनी फटाक्यांची मोठी माळ लावली. मलासुद्धा छातीत धडधडलं. आर्वी पाळण्यात झोपलेली, पापणी हलली नाही. सुलभा म्हणाली, "आजोबांवर गेलीय." आम्ही दोघं हसलो. प्राची हसली नाही.

ती पाळण्याजवळ गेली. पोर जागी झाल्यावर तिनं ओढणीनं आपलं तोंड झाकलं आणि हाक मारली. पोर पंख्याकडे बघत होती. प्राचीनं पुन्हा हाक मारली. मग ओढणी खाली केली, तशी पोर खुदकन हसली.

प्राची आमच्याकडे वळली. तिचे ओठ मला स्पष्ट वाचता आले. "बाबा, हिला ऐकू येत नाहीये."

वायरी

त्या तपासणीला बेरा म्हणतात. बाळाला झोपेचं औषध देतात, कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवतात, कानात टकटक आवाज सोडतात. बाळानं काही करायचं नसतं. कानाची नस आवाज पुढं पाठवते का एवढंच मशीन बघते.

झोपेचं औषध आर्वीनं पहिल्यांदा ओकून टाकलं. दुसऱ्यांदा झोपली. दार बंद झालं, आत प्राची, बाहेर आम्ही तिघं. संदेश मोबाईल उघडायचा, बंद करायचा. सुलभा माझ्या मनगटाला धरून बसली होती. मी तिला ओठांनी विचारलं, काय होईल? तिनं ओठांनी सांगितलं, गप्प बसा.

तिथल्या मॅडमचं नाव रश्मी. वय संदेशपेक्षा कमी असेल. बाहेर येऊन आमच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि सरळ सांगितलं: कान पूर्ण गेलेले नाहीत, पण खूप कमी आहे. आपण साधं बोलतो ते हिच्यापर्यंत पोहोचत नाही. दोन्ही कानांना मशीन लावायला हवी, आणि लगेच.

प्राची रडली. संदेश म्हणाला, "म्हणजे बोलेल की नाही?"

रश्मी मॅडम म्हणाली, "कानापर्यंत आवाज नेणं मशीनचं काम. तो आवाज म्हणजे काय हे मेंदूला शिकायला लागतं. जन्मल्यापासून बाकीची बाळं तेच करतायत. हिचं आता सुरू होणार."

"आणि उशीर झाला तर?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. मला ओठ वाचायला लागतात हे तिला पहिल्या मिनिटात कळलं होतं, त्यामुळे माझ्याकडे तोंड करूनच बोलायची. "आजोबा, मुंबईत रूम रिकामी ठेवली तर काय होतं?"

"कुणीतरी घुसतं."

"तसंच. मेंदूत आवाजाची रूम आहे. आवाज राहायला आला नाही तर तिथं डोळे घुसतात. मग काढायला जड जातात."

संदेशला हे आवडलं नाही, म्हणाला, लहान पोरीचं सांगताय, जरा नीट सांगा. मला मात्र एकदम नीट कळलं.

उंचवटा

मशीन बसल्यावर थोड्या दिवसांनी दुसरी एक तपासणी झाली. यात बाळ जागं असतं, आईच्या मांडीवर. पुन्हा डोक्याला वायरी. समोर एकजण आवाज न करता खेळणं हलवत बसतो आणि स्पीकरमधून "बा, बा" असे आवाज येतात. यात कानाचं नाही, मेंदूचं उत्तर बघतात. कॉम्प्युटरवर रेघ येते.

रश्मी मॅडमनं कागदावर पेनानं काढून दाखवलं. एक आडवी रेघ, तिच्यावर एक मोठा उंचवटा. "तान्ह्या बाळाच्या मेंदूचं उत्तर असं येतं. एकच ढोबळ उंचवटा, आणि उशिरा. म्हणून तो इकडे, उजवीकडे. बाळ जसजसं ऐकत मोठं होतं तसा हा डावीकडे सरकतो. म्हणजे उत्तर लवकर यायला लागतं. पुढं मोठेपणी त्याचे छोटे छोटे दोन-तीन होतात."

"हिचा कुठाय?" मी विचारलं.

तिनं बोट ठेवलं. अगदी उजवीकडे. "हिच्या वयाच्या मानानं उशिरा आहे. पण आहे. म्हणजे मशीनमधून आवाज आत जातोय."

"आणि सरकला नाही तर?"

"तर मशीन पुरत नाही असं समजायचं आणि ऑपरेशनचा विचार करायचा. ऑपरेशन वाईट नाही. पुष्कळ मुलं त्यावर छान बोलतात. पण आधी हिला मशीनवर पूर्ण संधी देऊया. जागी असेल तेवढा वेळ मशीन कानात, आणि सतत कुणीतरी हिच्याशी बोलणारं."

सुलभा म्हणाली, "मी आहे ना."

घरी जाताना रिक्षात ती माझ्याशी बोलली नाही. बाहेर बघत आर्वीला मोठ्यानं सांगत होती, ती बस, तो कुत्रा, ते बघ सिग्नल. रिक्षावाला आरशातून बघत होता. तिला पर्वा नव्हती.

आर्वी मशीन ओढून काढायची. एकदा आमटीत टाकली. सुलभानं जुन्या मऊ साडीची कुंची शिवली, कानावर मलमलचा पातळ तुकडा लावला. आवाज आत जाईल, बोटं जाणार नाहीत. रश्मी मॅडमनं फोटो काढून घेतला, दुसऱ्या आयांना दाखवायला. सुलभा आठवडाभर मिरवत होती.

ती माझ्याशी बिनआवाजाची आणि पोरीशी आवाजाची, अशा दोन भाषा दिवसभर बोलायची. दमायची. मी म्हणायचो, जरा बस. ती म्हणायची, उंचवटा बसलाय तेवढा पुरे.

मग ती वालाची दुपार आली.

महिनाभर

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, पण मयताच्या घरी लोक हळू बोलतात. नंतर तेही गेले. संदेशची नोकरी, प्राचीची नोकरी. आर्वीला पाळणाघरात ठेवायचं का यावर दोघांत वाद झाला. प्राचीची आई म्हणाली, साताऱ्याला पाठवा. मी म्हटलं, कुठं पाठवायचं नाही. मी आहे. तिच्या आजीनं जे चालवलं ते मी चालवीन.

आणि चालवलं. पेज भरवली, लंगोट बदलले, मशीनचा सेल बघितला, रात्री झोपवायच्या आधी मशीन काढून डबीत ठेवली. कुंची धुतली. सेंटरवाल्यांनी सांगितलं होतं तसं प्रत्येक गोष्ट तिला सांगत होतो. ही पेज. हा चमचा. हे तुझं पाऊल. पोर माझ्या तोंडाकडे बघून हसायची.

एक गोष्ट सोडून. कधी खेळता खेळता ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायची आणि बोट नाकाला लावायची. मग माझ्याकडे बघायची. मी दुसरीकडे बघायचो.

बाकावर

तपासणीला मी आणि प्राची गेलो. पुन्हा वायरी, पुन्हा "बा, बा". रश्मी मॅडम बराच वेळ कॉम्प्युटरसमोर होती. मग जुना कागद आणि नवा कागद एकमेकांवर ठेवून खिडकीला धरला. उंचवट्यावर उंचवटा तंतोतंत बसला होता.

"सरकला नाही," ती म्हणाली. "जिथं होता तिथंच."

प्राचीनं डोळे मिटले. मला म्हणायचं होतं, मशीन बिघडलीय तुमची. मी म्हटलं, "काल पण दिवसभर बोललोय मी तिच्याशी. विचारा प्राचीला." मॅडम माझ्या ओठांकडे निरखून बघत होती.

"मशीन दिवसभर घालताय, ते आम्हाला मशीनमध्येच दिसतं. तुम्ही बाहेर बसा, आपण बोलू," असं म्हणून ती आत गेली.

मी आर्वीला घेऊन बाकावर बसलो. तिला म्हटलं, घरी गेल्यावर तुला पेज देतो, तूप घालून. पोर हसली.

खांद्यावर कुणीतरी हात ठेवला. रश्मी मॅडम बाजूला, जरा मागं उभी होती. वळून समोर आली. "आजोबा, आत्ता काय सांगितलंत तिला?"

"पेज देतो म्हटलं. तूप घालून."

"मला ऐकू आलं नाही."

"तुम्ही लांब असाल."

"मी तुमच्या बाजूलाच होते." ती खाली बसली, माझ्या डोळ्यांसमोर. "तुमचे ओठ हलत होते. आवाज नव्हता."

मी प्राचीकडे बघितलं. प्राची जमिनीकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"बाबा, आमच्याशी पण तुम्ही आई गेल्यापासून तसंच बोलताय. मला वाटलं, दुःखानं होतंय. कसं सांगायचं?"

बायको गेल्यावर मी आवाज काढायचाच बंद केला होता आणि मला ते कळलंच नव्हतं, कारण माझा आवाज मला तसाही ऐकू येत नाही. महिनाभर मी पोरीशी बोलत होतो, आणि पोर साचेखात्यात बसल्यासारखी माझे ओठ वाचत होती.

घरी संदेशला कळलं तेव्हा तो भडकला. "महिनाभर! बाबा, एक महिना दिवसभर कुणी तिच्याशी बोललंच नाही! आता ऑपरेशनच करायला लागणार."

"मग मला सांगायचं होतंस!" मी म्हटलं.

"तुला काय सांगणार? तुला काही सांगितलं की तू दुसरीकडे तोंड फिरवतोस आणि विषय संपतो!"

तो असं पहिल्यांदाच बोलला. आर्वी आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. प्राचीनं तिला उचललं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं भांडा, चालेल. पण मोठ्यानं भांडा. मशीन चालू आहे."

संदेशला हसू आलं. मलाही. सुलभा गेल्यावर पहिल्यांदा.

गळ्यावर हात

ऑपरेशनच्या आधी रश्मी मॅडमनं आणखी थोडे महिने दिले. मला वेगळं बोलावून म्हणाली, "तुमचा आवाज येतोय हे तुम्हाला कसं कळेल ते बघूया." माझा पंजा तिनं माझ्याच गळ्यावर ठेवला. "आता बोला."

"काय बोलू?"

पंजाखाली थरथरलं. साचा चालू आहे की नाही हे आम्ही असंच बघायचो, चौकटीवर हात ठेवून. हात सांगतो.

तेव्हापासून माझा एक हात कायम गळ्यावर. कॉलनीत लोकांना वाटलं, घसा दुखतोय. पहिल्या दिवशी मला काही सुचेना. मोठ्यानं बोलायचं म्हणजे काय बोलायचं? सुलभाला सुचायचं. मग मी दिसेल ते बोलत सुटलो. साचा कसा चालतो ते सांगितलं. धागा घेऊन धोटा इकडून तिकडे कसा पळतो ते सांगितलं. कबुतरं गॅलरीत घाण करतात, त्यांना रोज शिव्या घातल्या. एकदा शेजारचे पाटील दारात आले.

"आजोबा, सकाळी सकाळी कुणाची वाट लावताय?"

"कबुतरांची."

"खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येतंय."

"झकास," मी म्हटलं. "मग हिला पण येत असेल."

प्राची कुरकुरायची. "बाबा, ती शिव्या शिकेल."

"शिकू दे. ऐकल्याशिवाय शिकणार नाही ना?"

कबुतर आलं की मी "हाऽऽड" करायचो. पावसाळ्यात एके दिवशी कबुतर बसलं आणि मी काही बोलायच्या आधीच आर्वी म्हणाली, "हाऽ!" मला ते ऐकू आलं नाही. प्राची स्वयंपाकघरातून धावत आली, तिच्या तोंडावरून मला कळलं. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी तिच्या गळ्यावर हात ठेवला होता. थरथरला.

जे बाकावर बसलेत त्यांना एवढंच सांगतो. मशीन लावली म्हणजे झालं, असं नाही. पोराशी बोला. भांडी घासताना, भांडताना, रडताना, काहीही बोला. लाज सोडा. रिक्षावाला बघेल, बघू दे. आणि घरात कुणी कानानं अधू म्हातारा असेल तर त्याला कुणीतरी सांगा की तुमचा आवाज येत नाही. राग येईल त्याला. सांगा तरी. आणि ऑपरेशनची वेळ आली तर त्यालाही घाबरू नका. त्या बाकावर ऑपरेशन झालेली पोरं मी दंगा करताना बघितलीत. सगळ्यांची वाट एक नसते.

मलाही मशीन लावा म्हणून सगळे मागं लागलेत. लावणार आहे.

दोन कागद

गणपतीच्या आधी पुन्हा तपासणी झाली. या वेळी संदेशही आला, सुट्टी टाकून. आर्वी आता बसायला तयार नव्हती, वायरी बघितल्या की पळायची. खेळणं हलवणारा घामाघूम झाला.

रश्मी मॅडमनं आधीचा आणि आताचा, दोन कागद आणले आणि खिडकीला धरले, एकावर एक. मी पुढं वाकलो. चष्मा पुसला.

दोन उंचवटे दिसत होते. खालचा जुना, उजवीकडे. वरचा त्याच्या डावीकडे, चांगला दोन बोटं सरकलेला.

"उत्तर लवकर यायला लागलंय," ती म्हणाली. "हिच्या वयाच्या बाळांना गाठायला अजून वेळ आहे. पण निघालीय ती. ऑपरेशनचं आत्ता बोलायची गरज नाही. असंच चालू ठेवा."

संदेशनं तोंड भिंतीकडे केलं. माझ्यावर गेलाय. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, ती थरथरत होती.

"आजोबा," रश्मी मॅडम म्हणाली, "आजींना कळलं असतं तर..."

"तिला आधीच कळलं होतं," मी म्हटलं. "मीच मानत नव्हतो."

आदल्या रात्री मी वाल भिजत घातले होते, मोड यायला बांधून ठेवायचे होते. सुलभा गेल्यावर आमच्या घरात वाल आणले नव्हते. सेंटरवरून आल्यावर ते फडक्यात बांधले.

मोडांना एक दिवस पुरत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडकं सोडलं. बारीक मोड दिसत होते. म्हटलं, चालेल. गॅलरीत चटई टाकली, कोमट पाणी घेतलं, रिकामा टोप घेतला. आर्वीला कुंची घातली, मशीन लावली. ती आतल्या खोलीत जाऊन जमिनीवर बसली, माझ्याकडे पाठ करून, जराशी तिरकी, चमचे एकमेकांवर आपटत. तिच्या समोरच्या भिंतीवर सुलभाचा फोटो, हार घातलेला. फोटोतही चमकी दिसते.

मी गॅलरीतच बसून राहिलो. हात गळ्यावर ठेवला आणि विचारलं,

"आर्वी, आजी कुठाय?"

पंजाखाली थरथरलं. चमचे थांबले.

ती माझ्याकडे वळली नाही. माझे ओठ बघायला वळली नाही. मान वर केली, फोटोकडे बघितलं आणि एक बोट नाकाला लावलं.

"हां," मी मोठ्यानं म्हटलं. "तीच. सुलभा. तुझ्या आजीचं नाव सुलभा."

मग चटईवर नीट बसलो, पहिल्या वालाला चिमटा काढला आणि डाळिंबी टोपात टाकली. त्याचा आवाज मला आला नाही. आर्वीला आला, तिनं मान वळवली.